तिसरी गोळी

परवा सकाळी साडेअकराच्या सुमारास तासगावकडचे बापलेक दुकानात आले. मुलाने वडिलांना पायरीवर बसवलं आणि चिठ्ठी काउंटरवर पसरली. पहिल्या ओळीत लेव्होडोपा-कार्बिडोपा, दिवसातून चार वेळा. दुसऱ्या ओळीत प्रामिपेक्सोल. तिसऱ्या ओळीवर मुलाने बोट ठेवलं आणि आवाज खाली आणला.

"ह्या वरच्या दोन द्या. ही तिसरी नको."

"का ओ?"

"ती डोक्याची हाय म्हणं. आमच्या म्हाताऱ्याचा नुसता हात कापतोय. डोकं ठणठणीत हाय."

मिरज हे दवाखान्यांचं गाव. १९९४ पासून मी इथे औषधाच्या दुकानात उभा आहे, त्याआधी आमचे अण्णा उभे होते. सांगली-कोल्हापूरकडचे येतात, तसे अथणी-विजापूरकडचेही येतात. तिसरी गोळी कापणारे काही मराठीत बोलतात, काही कानडीत, पण वाक्य तेच. कुणी म्हणतं सवय लागेल, कुणी म्हणतं दिवसभर झोपून राहतील. एक शिक्षिका म्हणाल्या, "सोयरीक जमायची आहे घरात, घरी वेड्याची औषधं नकोत." कायद्याने असली औषधं मी चिठ्ठीशिवाय देऊ शकत नाही. पण चिठ्ठीवरचं एखादं दिलं नाही, तर मला विचारणारा कोणी नाही. गिऱ्हाईक म्हणतं नको, मी पाकीट परत कप्प्यात ठेवतो, बिल होतं. डॉक्टरांना वाटतं पेशंट तीन औषधांवर आहे, आणि घरी दोनच पोचलेली असतात.

ही गोळी नैराश्यावरची असते. पार्किन्सन म्हणजे हात थरथरण्याचा आजार, आणि उदासपणा म्हणजे त्या आजाराने माणूस खचतो तो, अशी आपण सरळ वाटणी करून ठेवली आहे. ही वाटणी चुकीची आहे, एवढंच मला सांगायचं आहे. आणि ते मी पुस्तकातून आधी शिकलो नाही, अण्णांच्या उधारीच्या वहीतून शिकलो.

अण्णांनी १९६६ साली दुकान काढलं. लाल कापडी बांधणीची वही, नाव, रक्कम, आणि रकमेपुढे शेरा. शेरा हा त्यांचा खास प्रांत. "देईल, पण ऊस गेल्यावर." "पेन्शन ५ तारखेला, ६ ला गाठावे." "बायको आली तर मागू नये." "फार गोड बोलतो, सावध." एकाच्या नावापुढे नुसतं "हरी हरी" आहे. आई म्हणायची, ही वही कुणाच्या हाती लागली तर आपल्याला गाव सोडावं लागेल. औषधांची बिलं पुढे काँप्युटरवर गेली, पण उधारी अण्णांच्या हातातच राहिली, शेवटपर्यंत.

२०२१ मध्ये अण्णा गेले. पंधरवड्यानंतर मी माळ्यावरच्या वह्या खाली काढल्या आणि सालवार लावून बसलो. २०१३ साली त्यांना पार्किन्सनचं निदान झालं होतं. त्या आजारात अक्षर बारीक होत जातं, हे मला माहीत होतं. तसं ते दिसलंही. २०१२ च्या मध्यापासून ओळीच्या सुरुवातीला अक्षर बरं, शेवटी मुंगीएवढं. पण मला दुसरंच काहीतरी दिसलं. शेरे त्याच्या कितीतरी आधी बंद झाले होते. २००९ च्या दिवाळीपर्यंत पानोपानी शेरे आहेत. त्यानंतर विरळ. २०१० च्या वहीत सगळ्या वर्षात चार. २०११ मध्ये एकही नाही. नाव, रक्कम, तारीख. अक्षर अजून ठसठशीत, वळणदार, पण लिहिणारा माणूस पानावरून निघून गेलेला.

त्या काळात आम्ही काय म्हणत होतो, ते आठवलं. "वय झालं." "व्यवहार मुलाकडे गेला की असं होतं." अण्णांनी मंगळवारच्या भजनाला जाणं सोडलं, तर आई म्हणाली गुडघे दुखत असतील. पहाटे तीनला उठून खुर्चीत बसायचे. पेपर उघडायचे, पण त्याच्याशी भांडायचे नाहीत. आमच्याकडे अण्णा अग्रलेखाशी मोठ्याने भांडत, शेजारच्यांना ऐकू जाईल असं. ते बंद झालं, आणि आम्हाला वाटलं, बरं झालं, शांत झाले.

हात कापू लागला तो २०१३ च्या उन्हाळ्यात. उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासल्यासारखा हलायचा, हात मांडीवर निवांत असताना. डॉक्टर मंडळी या कंपाला 'पिल-रोलिंग' म्हणतात. जुन्या काळी औषधवाले अंगठा आणि बोटात लगदा धरून गोळ्या वळत, त्यावरून. उभा जन्म औषधाच्या दुकानात काढलेल्या माणसाच्या हाताने शेवटी ती खूण धरावी, याला काय म्हणायचं.

आता हिशोब मांडा. हात कापतो म्हणून माणूस उदास झाला म्हणावं, तर उदासपणा २०१० चा आणि हात कापायला लागला २०१३ ला. तीन वर्षं आधी अण्णा कशाने उदास झाले होते?

याचं उत्तर मेंदूच्या बुंध्यात आहे, पण वैद्यकाला तिथवर पोचायला वेळ लागला. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने १८१७ मध्ये या आजारावर छोटासा निबंध लिहिला, अवघ्या सहा माणसांवरून. त्यातले काही तर त्याने रस्त्यावर येताजाता पाहिलेले. निरीक्षण इतकं नेमकं की आजही वाचून थक्क व्हावं. पण इंद्रियं आणि बुद्धी या आजारात शाबूत राहतात, असंही त्याने लिहून ठेवलं, आणि पुढची शंभर-दीडशे वर्षं वैद्यकाची नजर हातापायांवरच खिळली. तासगावच्या त्या मुलाचं "डोकं ठणठणीत हाय" हे वाक्य तसं जुनंच आहे.

मग सर्पगंधा आली. ही गोष्ट आपल्या मातीतली आहे, म्हणून जरा सांगतो. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, हे ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं आणि ही मुळी जगभर गेली. तिच्यातून १९५२ मध्ये रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. अण्णांच्या सुरुवातीच्या काळात बी.पी.ची म्हणून रेसर्पिनचीच गोळी खपायची. ते सांगायचे, काही गिऱ्हाइकं ती घेऊन चार-सहा महिन्यांत मलूल होत, काहींचे हातपाय जड पडत. बाहेरच्या डॉक्टरांनीही १९५० च्या दशकात तसंच लिहिलं होतं. रेसर्पिनने किती जण खरोखर खचतात यावर पुढे वाद झाला, तो वेगळा. पण रेसर्पिन मेंदूतली तीन रसायनं रिकामी करतं, हे पक्कं ठरलं: डोपामिन, नॉरॲड्रेनालिन आणि सेरोटोनिन. स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रेसर्पिन दिलं, ससे गोळा होऊन पडले. मग डोपामिन ज्यापासून बनतं ते एल-डोपा टोचलं आणि ससे पुन्हा हिंडू लागले. २००० साली त्यांना नोबेल मिळालं. व्हिएन्नाच्या ओलेह हॉर्निकिएविच यांनी १९६० मध्ये पार्किन्सनने गेलेल्या माणसांचे मेंदू तपासले आणि त्यात डोपामिन कमालीचं घटलेलं सापडलं. आजची पहिल्या ओळीतली गोळी तिथून आली.

डोपामिनचा शोध इतका झळझळीत होता की उरलेल्या दोघांकडे बराच काळ दुर्लक्ष झालं. मेंदूच्या बुंध्यात काळसर पेशींचा एक पट्टा असतो, सब्स्टॅन्शिया नायग्रा. तो झिजला की हालचाल बिघडते. पण त्याच बुंध्यात जरा खाली निळसर रंगाचा एक बारका ठिपका असतो, लोकस सेरुलियस. नॉरॲड्रेनालिनचा साठा तो, जाग, सावधपणा आणि उमेद यांचं ठाणं. मध्यरेषेवर सेरोटोनिनच्या पेशी असतात. हाइको ब्राक या जर्मन शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं की पुष्कळ मेंदूंत ही झीज खालून वर चढत जाते. म्हणजे निळा ठिपका आणि सेरोटोनिनच्या पेशी आधी, काळा पट्टा नंतर. आणि काळ्या पट्ट्यातल्या निम्म्याच्या आसपास पेशी गेल्याशिवाय हात कापायला लागतच नाही. संशोधकांच्या एका गटाने २००५ मध्ये स्कॅन करून पाहिलं. उदास असलेल्या पार्किन्सनच्या रुग्णांमध्ये त्या निळ्या ठिपक्यात आणि भावनांशी संबंधित भागांत डोपामिन-नॉरॲड्रेनालिनच्या तारा, उदास नसलेल्या रुग्णांपेक्षा जास्त तुटलेल्या होत्या. हात दोघांचेही कापतच होते.

अण्णांचे शेरे कुठे गेले, याचा माझ्यापुरता उलगडा तिथे झाला. सगळ्यांचं असंच होतं, असं मी म्हणणार नाही. शंभरातल्या साधारण पस्तीस जणांना औषधपाणी करावं असा उदासपणा असतो, हा २००८ चा अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा. पासष्ट जणांना नसतो. शिवाय "मेंदूत रसायन कमी पडलं, गोळीने टाकी भरली" हे चित्रही भाबडंच. टाकी असती तर गोळी घेतल्या दिवशी हसू आलं असतं. एकटेपणा, पैशाची ओढ, लोकांसमोर चहाचा कप सांडण्याची लाज, याचाही वाटा असतो. पण इतर कुणाच्या नैराश्यात रसायनाची भाषा कितपत लागू आहे यावर विद्वानांनी खुशाल भांडावं. पार्किन्सनमध्ये त्या पेशी मेलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात.

आता माझी लाज सांगतो. २०१४ मध्ये न्यूरोच्या डॉक्टरांनी अण्णांच्या चिठ्ठीवर तिसरी ओळ लिहिली होती. ती मी कापली. बी.फार्म. झालेल्या, दुकानाच्या भिंतीवर परवाना टांगलेल्या मी. पाकीट घरी आणलं आणि देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवलं. का? तर मला वाटलं, हात कापतोय, चालताना पाय चिकटतोय, अशा वेळी माणूस खिन्न होणारच की. त्यात आजार कसला? त्यांना म्हटलं, "अण्णा, मन रमवा." एक वाक्य, आणि त्यावर मी दोन वर्षं काढली. उदास होण्याला कारण दिसतंय, म्हणून त्यावर उपचार नको, हा आपला लाडका तर्क. पाय मोडायलाही कारण असतं, घसरून पडलेला असतो, म्हणून आपण प्लास्टर नाकारत नाही.

आणि हा उदासपणा ओळखूही येत नाही, ही त्यातली खरी गोम. चेहऱ्याचे स्नायू ताठरतात, डोळ्यांची उघडझाप कमी होते, आवाज बसतो. हे सगळं आजाराचंच. त्यामुळे आतून बरा असलेला माणूस रडका दिसतो आणि आतून बुडालेला माणूस नेहमीसारखाच दिसतो. आईला तर वाटायचं, अण्णांनी तिच्याशी अबोला धरलाय. पन्नास वर्षांच्या संसारात कधी धरला नव्हता, तो आता कशावरून, म्हणून ती स्वतःच्या चुका शोधत बसायची. डॉक्टरांच्या खोलीत तर आणखीनच फजिती. "काय अण्णा, कसं काय?" "बरं आहे." झालं. डॉक्टर हात धरून मनगट फिरवून बघत, दारापर्यंत चालायला लावत, वळायला लावत. पाच मिनिटांत तपासणी संपली. मनगटाचा ताठरपणा तपासायला हात लागतो, मनाचा तपासायला दोन प्रश्न लागतात. ते विचारायला बाहेर बसलेल्या साठ जणांच्या रांगेत वेळ नसतो.

२०१६ मध्ये माझ्या बायकोने वेळ टिपायला सुरुवात केली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला फक्त दिसलं की दुपारी साडेतीनला अण्णा खुर्चीत बसून घामाघूम होतात, "आता काही खरं नाही" म्हणतात, आणि साडेचारला चहा मागतात. महिनाभर तिने कॅलेंडरवर पेन्सिलने फुल्या मारल्या. चारची गोळी, साडेतीनला फुली. ते कॅलेंडर भिंतीवरून काढून आम्ही डॉक्टरांपुढे ठेवलं. गोळीचा अंमल उतरला की हात जसा परत कापतो, तसं मनही कोसळतं, हे त्यांनी समजावलं. लेव्होडोपाचा तोच डोस चारऐवजी पाच वेळांत वाटून दिला. दुपारच्या फुल्या कमी झाल्या. सकाळचा काळोख मात्र राहिला. मग त्यांनी चिठ्ठीची जुनी पानं उलटली आणि विचारलं, "तिसरी गोळी चालू आहे ना?" मी खाली बघितलं.

ती चालू केली तेव्हा आठ दिवसांत काही फरक दिसला नाही, आणि मला आतून बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. या औषधांना फरक दाखवायला दोन ते सहा आठवडे लागतात, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पार्किन्सनच्या ११५ उदास रुग्णांना बारा आठवडे पारॉक्सेटीन, वेनलाफॅक्सिन किंवा नुसती बनावट गोळी दिली. दोन्ही औषधं सरस ठरली, आणि त्यांनी हातपायांचा आजार वाढला नाही. बनावट गोळीवाल्यांनाही बराच आराम पडला, हे सुद्धा सांगितलं पाहिजे. कुणीतरी दर काही आठवड्यांनी नीट विचारपूस करतं, त्याचाही गुण असणार. समुपदेशनाचाही उपयोग होतो. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईत पार्किन्सन्स सोसायटी आहे. तिथे माणसं एकत्र बसतात, व्यायाम करतात. आमच्याकडच्या तालुक्याच्या गावात तसं काही असतं, तर अण्णांना मी पहिल्या दिवसापासून नेलं असतं.

सहाव्या आठवड्यात अण्णा चहावरून आईवर ओरडले. "हा चहा आहे की काढा?" आई आत आली आणि पदराने डोळे पुसत हसली.

औषधवाला म्हणून दोन गोष्टी सांगून टाकतो. तिसरी गोळी स्वतःच्या मनाने, माझ्याकडून किंवा कुणाकडूनही, आणू नका. सेलेजिलीन किंवा रासाजिलीन ही पार्किन्सनची गोळी चालू असेल तर तिच्याशी ती भांडू शकते, आणि ते बघायला डॉक्टरच लागतो. पार्किन्सनची गोळी एकदम बंद करणं तर त्याहून धोक्याचं. दुसरं, चक्कर येते म्हणून महिनोन्‌महिने आणली जाणारी सिनारिझिन आणि अर्धशिशीची फ्लुनारिझिन, उलटीची मेटोक्लोप्रामाइड ही डोपामिनच्या वाटेत बसतात. हातपाय जड होणं आणि मन बुडणं, दोन्ही त्यातल्या काहींनी होऊ शकतं. म्हातारं माणूस अचानक मंदावलं, तर आधी घरातला औषधांचा डबा उलटा करून डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टरांकडे माझं मागणं लहान आहे. चिठ्ठीच्या कोपऱ्यात बी.पी. आणि वजन लिहायला जागा असते. पार्किन्सनच्या चिठ्ठीवर तिथेच मनासाठी एक ओळ असावी. वयस्कर माणसांसाठी हो-नाहीची पंधरा प्रश्नांची चाचणी वर्षानुवर्षं वापरात आहे. ती भरून घ्यायला डॉक्टरच लागतो असं नाही, बाहेर बसलेली सिस्टरही ती भरून घेऊ शकते. आणि घरातल्या बाईला एकदा वेगळं बोलावून विचारावं. फुल्या तिच्याकडे असतात. तिसरी ओळ लिहिताना "ही त्याच आजाराची आहे" एवढं तोंडाने सांगावं; दहा सेकंद लागतात, आणि माझ्या काउंटरवरची निम्मी भांडणं मिटतात. आमच्या धंद्यातल्या मंडळींनाही सांगतो, गिऱ्हाईक तिसरी नको म्हणालं की मुकाट्याने कप्पा बंद करू नका. विमा कंपन्यांना मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागवणं २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे. आपण मात्र आपल्याच घरात त्याला वेगळ्या पंक्तीला बसवतो.

२०१७ च्या वहीत, फेब्रुवारीत, एका नावापुढे शेरा आहे. भिंग लावून वाचावा लागतो, इतकं अक्षर बारीक. नाव माझं आहे. रक्कम शून्य. पुढे लिहिलंय, "गोळी दोन वर्षं उशिरा दिली. व्याज लावावे."

तासगावच्या त्या मुलाला मी काही व्याख्यान दिलं नाही. काउंटरला वळसा घालून बाहेर आलो आणि पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्याजवळ टेकलो. "बाबा, पहाटे जाग येते का?" त्याने मान हलवली. "किती वाजता?" बराच वेळ गेला. पार्किन्सनचा माणूस उत्तर देतो, पण थांबावं लागतं. "अडीच," तो म्हणाला. मग आणखी थोडं थांबून, "मग बसून राहतो. बैलाकडं बी जात नाही." मुलगा खाली बघत उभा होता. बैलांचं त्याला माहीत नसावं.

"दहाच द्या," तो शेवटी म्हणाला. "बघू."

उधारी नव्हती, रोख होतं. तरी वही ओढली आणि लिहून ठेवलं: तासगाव, दहा गोळ्या, २२ तारखेला संपतील, २० ला फोन करावा.